दुखापत झाली त्या रात्रीच लिहून ठेवा

प्रति,
इंग्लंड आणि वेल्समधल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२३ मधल्या एका रात्री, इथले पावणेदहा वाजले असतील, मी मिरजेला माझ्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवली. "आज होइस्ट बंद होतं, त्या आजींना एकटीनेच उचललं, कमरेत कट्कन झालं, आता वाकता येत नाहीये." होइस्ट म्हणजे माणसाला उचलायचं यंत्र. तिकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते, म्हणून फोन केला नाही. मेसेज टाकला आणि पॅरासिटामॉल घेऊन झोपले.

पुढे पावणेतीन वर्षांनी याच एका ओळीने दुखापतीच्या भरपाईचा माझा दावा उभा राहिला. विमा कंपनीकडे ती ओळ मराठीतून इंग्रजीत रीतसर भाषांतर करून पाठवावी लागली. तिच्याखेरीज त्या रात्रीचा दुसरा कोणताही कागद माझ्याकडे नव्हता. मी ती पुरावा म्हणून लिहिलीच नव्हती, बहिणीला दुखणं सांगावंसं वाटलं इतकंच. बाकीच्यांचं सगळं अशा योगायोगावर सोडू नये, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी केअर होममध्ये काम करते. ज्यांना उभं राहता येत नाही अशा माणसांना पलंगावरून खुर्चीत न्यायचं तर होइस्ट लागतं आणि दोन माणसं लागतात. त्या दिवशी एकजण आजारी होती, बदली कोणी आलं नव्हतं, आणि होइस्टची बॅटरी चार्ज केलेली नव्हती. मला सांगण्यात आलं की आजींना जास्त वेळ बसवून ठेवू नकोस, कर कसंतरी. मी केलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरना सांगितलं, त्यांनी दोन दिवस हलकं काम दिलं. अ‍ॅक्सिडेंट बुकमध्ये, म्हणजे कामावरच्या दुखापतींच्या वहीत, नोंद करायची असते हे मला माहीत होतं, प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. पण नोकरीला जेमतेम दोन महिने झाले होते. नवीन माणसाने आल्याआल्या वहीत आपलं नाव घालू नये, असं वाटलं. पंधरा दिवसांनी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेले. त्यांनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, कंबर दुखते. कशाने दुखते ते मी सांगितलं नाही, त्यांनी लिहिलं नाही. पुढे विमा कंपनीने पहिला प्रश्न तोच टाकला: कामावर दुखापत झाली असेल, तर डॉक्टरांच्या नोंदीत तिचा उल्लेख का नाही?

त्या काळात मी आमच्या मंडळातल्या दोन जाणत्या माणसांना विचारलं होतं. दोघांनी मनापासून, माझ्या भल्यासाठीच सल्ला दिला. एक म्हणाले, "अगं, ज्यांनी व्हिसा दिला त्यांच्यावर केस करायची का?" दुसऱ्या ताई म्हणाल्या, "इथे क्लेम करणारे म्हणजे खोटं दुखणं सांगून पैसे काढणारे. आपण त्यातले नाही." या दोन वाक्यांनी मला अडीच वर्षं गप्प बसवलं. मी त्यांना दोष देत नाही. पण याच दोन समजुती आपल्या लोकांत सगळीकडे आहेत, आणि दोन्ही चुकीच्या आहेत.

आधी "केस कोणावर" हे बघू. १९६९ च्या कायद्याने इथल्या जवळजवळ प्रत्येक मालकाला कामगारांच्या दुखापतीचा विमा काढावाच लागतो. किमान पन्नास लाख पौंडांचं संरक्षण लागतं, आणि विम्याशिवाय चालवलेल्या प्रत्येक दिवसाला अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या विम्याचं प्रमाणपत्र कामगारांना बघता येईल असं ठेवावं लागतं. तुमच्या कामाच्या जागी स्टाफरूममध्ये नोटीसबोर्डवर बघा, बहुतेक तिथेच असेल. दावा कागदोपत्री मालकाच्या नावाने जातो, पण उत्तर विमा कंपनी देते आणि पैसेही तीच देते. हप्ता याच कारणासाठी भरलेला असतो. आपल्याकडे अपघाताची भरपाई म्हटली की मोटार अपघात न्यायाधिकरण, तारखा आणि वर्षानुवर्षं खेटे हेच डोळ्यांपुढे येतं. इथे बहुसंख्य दावे कोर्टाची पायरी न चढता पत्रव्यवहारातच मिटतात. कामावरच्या दुखापतीचा २५,००० पौंडांपर्यंतचा साधा दावा ऑनलाइन पोर्टलवरून जातो, आणि जबाबदारी मान्य आहे की नाही हे कळवायला विमा कंपनीला ३० कामकाजाचे दिवस मिळतात. मी आजवर एकदाही न्यायाधीशांसमोर उभी राहिलेली नाही.

अर्थात दुखापत झाली म्हणजे पैसे मिळाले, असंही नाही. समोरच्याने काळजी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही, आणि त्यामुळेच दुखापत झाली, हे दाखवावं लागतं. इंग्रजी कायद्यातला निष्काळजीपणाचा सगळा डोलारा यावर उभा आहे. याचं मूळ १९३२ च्या एका निकालात सापडतं, आणि गंमत म्हणजे लंडनचं आपलं महाराष्ट्र मंडळही त्याच वर्षी स्थापन झालं. स्कॉटलंडमधल्या पेझली गावी एका बाईंनी जिंजर बिअर प्यायली आणि बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली. बाटली मैत्रिणीने विकत घेतली होती, त्यामुळे बाईंचा कोणाशीच करार नव्हता. तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, कारखानदाराला जबाबदार धरता येईल असं ठरवलं. लॉर्ड अ‍ॅटकिन या न्यायाधीशांनी तिथे विचारलं की कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? माझ्या वागण्याचा ज्याला फटका बसेल हे मला आधी दिसायला हवं, तो माझा शेजारी. आपल्याला शेजारधर्म वेगळा शिकवावा लागत नाही. इंग्लंडमध्ये तो कायदा झाला, इतकंच.

कामगाराला मात्र हा शेजारधर्म फार उशिरा मिळाला. १८३७ साली खाटकाकडे काम करणाऱ्या एका पोराची मांडी मोडली. मालकाच्या गाडीत माल जास्त भरला होता, ती कोसळली. कोर्टाने पोराला काही दिलं नाही. यातून पुढे असा नियम रूढ झाला की सोबतच्या कामगाराच्या चुकीने लागलं तर मालकाकडे मागायचं नाही. तो नियम पूर्णपणे गेला १९४८ मध्ये. म्हणजे एकशे अकरा वर्षं खाणींतल्या, गिरण्यांतल्या, गोद्यांतल्या माणसांनी हात-पाय गमावले आणि झगडून हा हक्क मिळवला. तो वापरणं म्हणजे लबाडी, असं आपण म्हणतो तेव्हा आपण त्या माणसांचाही अपमान करतो, असं मला वाटतं. सुरक्षित साधनं, कामाची सुरक्षित पद्धत आणि जाणकार सहकारी देणं ही मालकाची स्वतःची जबाबदारी आहे. ती त्याला दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. माझ्याकडे त्या रात्री चालू होइस्ट नव्हतं आणि जोडीला माणूस नव्हतं.

आता मुदतीबद्दल. १९८० च्या कायद्याने दुखापतीचा दावा कोर्टात दाखल करायला तीन वर्षं मिळतात. ती अपघाताच्या दिवसापासून मोजतात. दुखण्याचं कारण नंतर कळलं असेल, उदाहरणार्थ धुळीने फुप्फुसं गेली किंवा ऑपरेशनमधली चूक पुढे समजली, तर ते कळल्याच्या दिवसापासून. मूल असेल तर त्याची तीन वर्षं अठराव्या वाढदिवसापासून सुरू होतात, म्हणजे एकविसाव्यापर्यंत. मुदत उलटल्यावर न्यायाधीशांना ती माफ करता येते, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. आणि हे नीट ऐका: सॉलिसिटरला, म्हणजे इथल्या वकिलाला, फोन केला, विमा कंपनीला पत्र गेलं, बोलणी चालू आहेत, यातल्या कशानेही घड्याळ थांबत नाही. दावा कोर्टात दाखल झाल्यावरच ते थांबतं. मी गेले तेव्हा माझे जेमतेम तीन महिने उरले होते. दोन सॉलिसिटर फर्मनी तेवढ्याच कारणाने माझं काम घेतलं नाही.

पण हीच तीन वर्षं व्हिसावर आलेल्या माणसाच्या कामाची आहेत. मला खोटा धीर द्यायचा नाही. स्पॉन्सर करणारा, म्हणजे ज्याच्या नोकरीवर व्हिसा आहे तो, मालक नाराज झाला तर माणसाची झोप उडते. नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, हे आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. सुरक्षिततेबद्दल तक्रार केली म्हणून कामावरून काढलं, तर १९९६ च्या कायद्याने ती बडतर्फी आपोआप अन्यायकारक ठरते आणि त्यासाठी दोन वर्षांच्या नोकरीची अट नाही. हे खरं आहे. पण ट्रायब्युनलचा, म्हणजे कामगार न्यायाधिकरणाचा, निकाल येईपर्यंत घरभाडं कोण भरणार, हा प्रश्नही खरा आहे. म्हणून मी लोकांना सांगते, दावा कधी करायचा ते तुम्ही ठरवा. नोकरी बदलल्यावर करा, व्हिसा नवा झाल्यावर करा, कायद्याने तेवढा वेळ दिलेला आहे. पुरावा मात्र त्याच दिवशी करून ठेवा, कारण तो थांबत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण अनेक ठिकाणी महिनाभरात पुसलं जातं. सोबतची मुलगी दुसऱ्या गावी जाते. बिघडलेलं होइस्ट दुरुस्त होतं. अ‍ॅक्सिडेंट बुकमध्ये लिहा आणि त्या पानाचा फोटो काढा. वही देत नसतील तर मॅनेजरला दोन ओळींचा ईमेल करा. जीपीला नुसतं "दुखतं" म्हणू नका, "कामावर अमुक करताना लागलं" असं म्हणा. आणि तेही जमलं नाही तर बहिणीला मेसेज करा. मराठीत चालेल.

व्हिसाबद्दल आणखी एक गैरसमज. "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, ही अट वाचून लोक घाबरतात. विमा कंपनीकडून मिळालेली भरपाई म्हणजे पब्लिक फंड्स नव्हेत. ते तुमच्या नुकसानीचे पैसे आहेत, त्यावर इथे आयकरही लागत नाही. आणि भरपाईचा हक्क फक्त इथल्या रहिवाशांनाच आहे असंही नाही. नातवाला बघायला सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजी दुकानात घसरून पडल्या, तरी त्यांना तोच कायदा. १९७४ साली लिव्हरपूलच्या टेस्कोमध्ये एक बाई जमिनीवर सांडलेल्या दह्यावरून घसरल्या. दही केव्हा सांडलं, किती वेळ तसंच होतं, हे त्या सांगू शकत नव्हत्या. १९७६ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की ते त्यांनी सांगायचं नाही, आपण फरशी वेळच्या वेळी पुसण्याची नीट व्यवस्था ठेवली होती हे दुकानाने दाखवायचं. दुकानात पडलात की लाजेने चटकन उठून बाहेर पडू नका. फरशीचा फोटो काढा, नाव नोंदवून घ्यायला सांगा.

रस्त्यावरच्या अपघातांचं गणित थोडं वेगळं आहे. गाडीत बसलेल्याच्या मानेला किंवा पाठीला हिसका बसला, तर त्या दुखण्याची किंमत ३१ मे २०२१ पासून सरकारी दरपत्रकाने ठरते. तीन महिन्यांत बरं झालं तर सुरुवातीचा दर २४० पौंड होता, दीड ते दोन वर्षं दुखलं तर ४,२१५. चार वर्षांनी, ३१ मे २०२५ पासूनच्या अपघातांसाठी, हे आकडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढवले. मला हे दर फार तुटपुंजे वाटतात, पण कायदा तो आहे. अशा दुखण्याचा हिस्सा ५,००० पौंडांच्या आत असेल तर वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही, म्हणून लोक ऑफिशियल इंजुरी क्लेम या पोर्टलवर स्वतःच दावा भरतात. तो भरायला पैसे लागत नाहीत. आता आपल्या विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाचं: सायकलवाला, मोटारसायकलवाला आणि पायी चालणारा यांना हे दरपत्रक लागू नाही. सायकलवरून जेवणाचे डबे पोचवणारी आपली पोरं हिवाळ्यात अंधारात फिरतात, त्यांना एखादी गाडी धडकते, आणि घरी तर राहोच, रूममेटलाही ती सांगत नाहीत. त्यांच्या अ‍ॅपवाल्या कंपनीकडे त्यांच्यासाठी मालकाचा तो सक्तीचा विमा नसतो, कारण ती नोकर समजली जात नाहीत. पण धडकणाऱ्या गाडीचा विमा असतो. गाडीचा विमाच नसेल, किंवा धडक देऊन ती पळून गेली, तर १९४६ पासून चालत आलेला मोटर इन्शुरर्स ब्युरो आहे, सगळ्या मोटार विमा कंपन्यांनी मिळून चालवलेला. त्यासाठी पोलिसांत लवकर कळवलेलं असावं लागतं.

पैशांचं स्पष्ट बोलते, कारण यातच लोक फसतात. भरपाईचे दोन भाग पडतात. एक, वेदना आणि हिरावलेलं रोजचं जगणं: मुलाला उचलता न येणं, रात्रीची झोप, बंद पडलेली लेझीम. याचा अंदाज न्यायाधीश एका छापील मार्गदर्शिकेवरून घेतात, अवयवागणिक आणि दुखण्याच्या काळागणिक त्यात पट्टे दिलेले आहेत. दुसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष हिशेब: बुडालेला पगार, फिजिओ, औषधं, टॅक्सी, आणि घरच्यांनी केलेल्या सेवेचंही मोल. नवऱ्याने सहा आठवडे तुम्हाला अंघोळ घातली असेल तर तेही लिहा. पावत्या ठेवा.

"नो विन नो फी" म्हणजे फुकट नाही. हरलात तर सॉलिसिटर फी घेत नाही. जिंकलात तर तुमच्या रकमेतून यशाची फी कापतो. २०१३ पासून त्याला मर्यादा आहे: वेदनेची भरपाई आणि आजवरचं नुकसान यांच्या बेरजेच्या जास्तीत जास्त २५ टक्के. समजा वेदनेचे ८,००० आणि बुडालेल्या पगाराचे ४,००० मिळाले, तर जास्तीत जास्त ३,००० कापता येतात. पुढच्या काळातल्या नुकसानीच्या पैशांना हात लावता येत नाही. वर, हरलात तर खर्च भागवणाऱ्या विम्याचा एखादा हप्ता कापला जाऊ शकतो, तो किती हे सही करण्याआधी विचारा. प्रामाणिकपणे दावा केला आणि हरलात, तर समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा तुमच्या खिशातून जात नाही. आणि फर्मकडे धावण्याआधी घरातली कागदपत्रं बघा. गाडीच्या किंवा घराच्या विम्यात बऱ्याचदा कायदेशीर खर्चाचं कलम असतं, ते कोणी वाचत नाही. युनिसनसारख्या युनियनचे सभासद असाल तर वकील युनियन देते आणि भरपाई पूर्ण तुमची राहते. फक्त सभासदत्व अपघाताच्या आधीचं हवं. केअरमधल्या प्रत्येक मुलीला मी आता हेच सांगते, पहिल्या पगारात युनियनचा फॉर्म भर.

"तुम्हाला अलीकडे अपघात झाला होता का?" असा फोन आपणहून आला तर ठेवून द्या. तुम्ही परवानगी दिली नसताना क्लेम कंपन्यांनी असे फोन करायला २०१८ पासून बंदी आहे. विमा कंपनीने चार दिवसांत चेक देऊ केला तरी घाई करू नका. मानेच्या हिसक्याच्या दाव्यात वैद्यकीय अहवालाशिवाय तडजोड करायला कायद्यानेच मनाई आहे. इतर दुखापतींत तशी मनाई नाही, म्हणून तिथे आपणच थांबायचं. "फुल अँड फायनल" वर, म्हणजे शेवटच्या तडजोडीवर, सही झाली की पुढे मणका सरकल्याचं कळलं तरी दार पुन्हा उघडत नाही.

आणि त्या ताईंच्या वाक्याबद्दल. खोटे दावे करणारे आहेत, हे खरं. त्यांच्यासाठी २०१५ चा कायदा आहे: मुळातच अप्रामाणिकपणा केल्याचं दिसलं, तर खऱ्या दुखापतीचा भागही सहसा फेटाळला जातो आणि समोरच्याचा खर्च अंगावर येतो. विमा कंपन्या फेसबुक बघतात. चार पावलं चालता येत नाही असं लिहिलेल्या माणसाचा विसर्जन मिरवणुकीत नाचतानाचा फोटो सापडला, तर सगळं संपलं. म्हणून जेवढं दुखतं तेवढंच सांगावं. मला मॅन्युअल हँडलिंगचं, म्हणजे माणसं किंवा ओझी सुरक्षितपणे उचलण्याचं, प्रशिक्षण मिळालेलं होतं, एकटीने उचलायला मी नकार द्यायला हवा होता, असं विमा कंपनी म्हणाली. ते मी नाकारलं नाही. १९४५ च्या कायद्याने आपल्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते, दावा बुडत नाही. माझी वीस टक्के कमी झाली. मला ते न्याय्य वाटलं.

आता विनंती. तुमच्या मंडळांकडे जे आहे ते कोणत्याही सॉलिसिटरकडे नाही. गणेशोत्सवात त्या हॉलमध्ये नर्स येते, गोदामात काम करणारा येतो, काल विमानातून उतरलेला विद्यार्थीही येतो. प्रसादाच्या रांगेशेजारी एक टेबल ठेवा. त्यावर मराठीत एक पान असू द्या: लागल्याच्या दिवशी काय लिहायचं, कोणाला सांगायचं, तीन वर्षं केव्हा संपतात, काय विचारल्याशिवाय सही करायची नाही. कायद्याचा सल्ला मंडळाने देऊ नये, पण जिथे तो मिळतो त्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसचा आणि युनियनचा पत्ता द्यावा. तुमच्यात वकील असतील, तर वर्षातून दोन तास त्यांचे मागून घ्या. आणि कोणी विचारायला आलं, तर "जाऊ दे" म्हणण्याआधी एवढं विचारा: कधी लागलं, आणि कुठे लिहून ठेवलंस का?

त्या पानाचा मजकूर मी लिहून ठेवला आहे आणि इथल्या एका सॉलिसिटरकडून तपासून घेतला आहे. ज्या मंडळाला हवा असेल त्यांना पाठवते, टेबलावर बसायलाही येईन. शनिवारी माझी रात्रपाळी असते, रविवारी दुपारनंतर कुठेही चालेल. उभं फार वेळ राहता येत नाही, तेवढी एक खुर्ची ठेवा.

आपली,
लेस्टरमधली एक सभासद